इंग्रजी मुलखातील इंग्रजाचा शोध

परदेशी निघालेल्या माणसाला उपदेश करण्याचा हक्क आपल्याकडे वहिवाटीने अशा गृहस्थांकडे चालत आलेला आहे की, ज्यांनी स्वतः तालुक्याची शीव फारशी ओलांडलेली नसते. आणि ज्याचा प्रवास जितका कमी त्याचा उपदेश तितका ठाम, हा नियम मी नव्वदीच्या घरात येईपर्यंत इतक्यांदा पडताळून पाहिला आहे की, त्यास अपवाद आढळल्यास तो मला अवश्य कळवावा, अशी वाचकांस विनंती आहे. तथापि ह्या उपदेशकांना दोष देण्याचे कारण नाही. न पाहिलेल्या देशाविषयी बोलताना मनुष्याच्या प्रतिभेला जो मोकळा वाव मिळतो, तो पाहिलेल्या देशाविषयी बोलताना मिळत नाही. पाहिलेल्या देशात डास असतात, घरभाडे असते आणि पोट बिघडते. न पाहिलेल्या देशात केवळ सिद्धान्त असतात.

ह्या विषयात मुरुडच्या माणसाचा अनुभव इतर महाराष्ट्रीयांपेक्षा काकणभर सरस आहे, असे मी म्हटले तर पुण्यामुंबईचे वाचक बुचकळ्यात पडतील. मुरुड म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम जंजिरा उभा राहतो, नाहीतर महर्षी कर्व्यांचे दापोलीजवळील मुरुड. आणि ‘मग काय, मासळीची चंगळ असेल तुमच्याकडे,’ असे ते आपण होऊनच म्हणून टाकतात. आमचे मुरुड ह्या दोहोंपैकी कोणतेही नाही. ते बालाघाटच्या पठारावर, बार्शीहून लातुरास जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्राशी आपला काही संबंध पोहोचू नये अशा बेताने वसलेले असून, तेथे भर उन्हाळ्यात मासळी तर राहोच, आडाला हंडाभर पाणी लागले तरी माणसे एकमेकांना वर्दी देतात.

हे मुरुड जागेवरून तसूभरही न हलता कित्येक राज्ये हिंडून आले आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते निजाम सरकारच्या दौलतीत होते. नंतर भारतातील हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. जिल्हा उस्मानाबाद होता, तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर झाला. ज्या गावाला ओट्यावर बसल्या बसल्या एवढा प्रवास घडला, त्या गावच्या मनुष्याला परदेशाचे अप्रूप ते काय असणार?

आमचा पहिला परदेश आगगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता, आणि त्याचे नाव बार्शी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने अडीच फूट रुंदीच्या रुळांवर उभी केलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीस आली आणि १९११ साली मुरुडवरून लातुरास पोहोचली. ह्या चिमुकल्या गाडीचा सरहद्द ओलांडण्याचा समारंभ येडशी आणि पांगरी ह्या दोन स्थानकांच्या दरम्यान पार पडत असे. येडशीपर्यंत निजामाचा अंमल, पांगरीपासून इंग्रजी मुलूख. अलीकडे उर्दू दफ्तर आणि फसली सन, पलीकडे इंग्रजी दफ्तर आणि इसवी सन. अलीकडे चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया, पलीकडे बादशहाचे मुंडके असलेला कलदार, आणि सहा कलदारांस सुमारे सात हाली हा भाव दोन्हीकडच्या पोरांनाही तोंडपाठ. मालाच्या ने-आणीवर करोडगिरीच्या नाक्याची नजर असे, म्हणून आमच्या घरातील बायका बार्शीस खरेदी केलेले लुगडे तेथेच नेसून परतत. कारण अंगावरील लुगड्यास जकात लावण्याची कल्पना निजामाच्या दफ्तरालाही, त्याची ख्याती लक्षात घेता आश्चर्य वाटावे इतकी, सुचलेली नव्हती.

बार्शीविषयी मुरुडात ज्या वार्ता प्रचलित होत्या, त्या आज आठवल्या म्हणजे लंडन-न्यूयॉर्कविषयीच्या वार्ता फिक्या वाटतात. तिकडे म्हणे शिपाई वेठीस धरीत नाही. तिकडे सभा भरविण्यासाठी आमच्याप्रमाणे गश्ती निशान ५३ अन्वये कोणाची परवानगी काढावी लागत नाही. तिकडे ‘केसरी’ ओट्यावर बसून मोठ्याने वाचता येतो. आणि तिकडे रस्त्यारस्त्याने गोरे साहेब हिंडत असून ते तक्रारींचा जागच्या जागी निकाल लावतात. ह्यांपैकी शेवटच्या वार्तेवर माझा सर्वांत अधिक विश्वास होता, कारण इंग्रज हा प्राणी मी कधी पाहिलेला नव्हता. पुण्याच्या मुलाला कलेक्टर म्हणजे इंग्रज हे जन्मतः ठाऊक असे. आमचा कलेक्टर म्हणजे अव्वल तालुकदार, तो शेरवानी घाली आणि त्याचे फर्मान उर्दूत निघे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी एक चमत्कार घडला. इंग्रज गेला आणि आमची सरहद्द मात्र होती त्याहून पक्की झाली. निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारल्यामुळे पुढील तेरा महिने पांगरी हे आम्हांला अक्षरशः परराष्ट्र ठरले. रझाकारांच्या धामधुमीत मराठवाड्यातील हजारो कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे निघाली, त्यांत आमचेही होते. त्या काळाविषयी विनोदाने लिहिण्यासारखे थोडेच आहे. रात्री घर सोडताना आईने दाराला कुलूप घातले आणि किल्ली शेजारच्या फातिमाबींकडे ठेवायला दिली. वर्षभराने परत आलो तेव्हा अंगणातील तुळशीसुद्धा हिरवी होती. एवढे सांगून मी तो भाग सोडून देतो.

बार्शीस पोहोचताच, बारा वर्षांच्या मुलास शोभेल अशा चिकाटीने, मी इंग्रजाचा शोध सुरू केला. मुलूख इंग्रजी, तेव्हा त्यात निदान एक तरी इंग्रज शिल्लक असला पाहिजे, हा माझा हिशेब. परंतु आम्ही ज्यांच्या माडीखाली राहिलो ते घरमालक मारवाडातले निघाले. अडत्या कच्छचा निघाला. शाळेतील मास्तर कोकणातून आलेले. आणि शेजारी तुळजापुराहून आमच्यासारखेच पळून आलेले. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात एक साहेब आहे अशी वदंता होती, पण कुर्डुवाडीचे तिकीट कोणी काढून देईना. खुद्द बार्शीकरांशी आमची गाठ बऱ्याच दिवसांनी पडली. तत्पूर्वीच ते कसे असतात हे आम्हांला पूर्णपणे समजलेले होते. ‘बार्शीचा माणूस पैशाला फार चिकट,’ असे मारवाडी घरमालकांनी वडिलांना भाड्याची पावती देता देता सांगितले. ‘इथल्या पोरांना शुद्ध बोलता येत नाही,’ हे कोकणातील मास्तरांचे मत त्यांनी अनुनासिक स्वरात मांडले. आणि तुळजापूरकरांच्या मते बार्शीचे पाणीच असे की त्याने माणुसकी विरघळते. ही सर्व माहिती मी विश्वासपूर्वक मुरुडास कळविली असती. पण तेथे पत्र जाण्याची सोय तेव्हा बेभरवशाची होती, एवढ्यावरच बार्शीची अब्रू वाचली.

बार्शीकरांचे आमच्याविषयीचे ज्ञानही ह्याच तोलाचे होते. मोगलाईतून आलेला मुलगा म्हणून वर्गात माझ्याकडे पाहण्यासाठी रांग लागली. मी घरी उर्दूत बोलतो का, वडिलांना किती बायका आहेत, आणि निजामाने मला कधी काही दिले का, हे तीन प्रश्न क्रमाने विचारले गेले. तिसऱ्याचे उत्तर म्हणून मी खिशातील चारमिनारचे हाली नाणे दाखविले, तेव्हा ते निजामाने स्वहस्ते दिलेले आहे असा त्यांचा ग्रह झाला, आणि तो दुरुस्त करण्याची घाई मला वाटली नाही.

पुढे हैदराबादेस शिक्षण झाले, सरकारी शाळेत नोकरी लागली आणि १९६० साली, महाराष्ट्र राज्याचा गुलाल पुरता उडालाही नव्हता तोच, शिष्यवृत्तीवर अध्यापनशास्त्र शिकण्यासाठी लंडनला जाण्याचा योग आला. पासपोर्टासाठी शाळेचा दाखला जोडावा लागला. त्यात माझा जन्म इस्फंदार १३४४ फसली असा नोंदलेला होता. संबंधित कारकुनाने ‘इस्फंदार’ हे जन्मस्थळाच्या रकान्यात घातले आणि १३४४ हा आकडा घरक्रमांक असावा असा तर्क करून तो पत्त्यात टाकला. इस्फंदार हा महिना असून तो जानेवारीच्या सुमारास येतो, हे पटवून देण्यास जो कालावधी लागला, त्यात आणखी एक इस्फंदार उलटला असता.

गावातून उपदेश सुरू झाला. विलायतेत कोणी भांडत नाही. विलायतेत थंडी इतकी पडते की बोललेला शब्द ओठांवरच गोठतो. (ह्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कोणाच्या ध्यानात आला नाही.) तेथे घराघरात घड्याळ असते आणि ते पाहूनच माणसाला भूक लागते. आमचे थोरले चुलते नाना, ज्यांनी आयुष्यात पंढरपूर व तुळजापूर ह्यांपलीकडचे जग पाहिले नव्हते, त्यांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि निकाल दिला, ‘लेकरा, इंग्रज भेटला की त्येला इचार, तुमची जमीन काळी का मुरमाड. जमीन कळली की मानूस कळतंय.’ पुढे जे काही पाहिले, त्यावरून एवढे म्हणावे लागते की, मला मिळालेल्या सल्ल्यांत हाच तेवढा शास्त्रशुद्ध होता.

बॅलार्ड पिअरपासून एडन, सुएझ आणि पोर्ट सैदवरून टिलबरीपर्यंतच्या प्रवासाची वर्णने मराठीत इतकी झाली आहेत की, माझ्या वाट्याला फक्त समुद्र लागणे तेवढे उरले होते, आणि ते मी यथासांग पार पाडले.

लंडनच्या चलनाने हिंदी विद्यार्थ्याच्या तोंडचे पाणी पळते असा लौकिक आहे. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, एकवीस शिलिंगांची गिनी, आणि ही गिनी दुकानांतील किमतींत असे पण कोणाच्या खिशात नसे. अर्धा क्राउन चलनात फिरे, सबंध क्राउन मात्र कधी दृष्टीस पडत नसे. पुण्याचे माझे सहाध्यायी ह्या हिशेबाने रडकुंडीस आले. परंतु ज्याने हाली आणि कलदार ह्यांचा बट्टा लहानपणी पाठ केला, आणि १९५७ साली नया पैसा आल्यावर आण्याचे सहा पैसे की सव्वासहा ह्यावर भाजीवालीशी वाद घातला, त्याला हे गणित नवे नव्हते. एका पौंडास तेरा रुपये पाच आणे चार पै हा भाव ऐकून मला उलट माहेरी आल्यासारखे वाटले.

खोली शोधताना दारादारांवरील चिठ्ठ्या वाचाव्या लागत. काहींवर काळ्या वर्णाच्या मनुष्यांनी चौकशी करू नये असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले असे. सहाध्यायी संतापले, संताप योग्यच होता. पण मला आमच्या गावचे आड आठवले. कोणत्या आडावर कोणी यावयाचे नाही, ह्याची पाटी तेथे कधी लिहावी लागली नव्हती आणि तरीही ती न वाचलेला एकही मनुष्य गावात नव्हता. ह्याच लंडनात १९२१-२२ च्या सुमारास किंग हेन्रीज रोडवरील घरात राहून डॉ. आंबेडकरांनी अभ्यास केला होता. इंग्रजांच्या पाटीवर रागवावे इतका आपला हात स्वच्छ नाही, हे कळण्यासाठी मला टिलबरीपर्यंत यावे लागले.

अखेर खोली मिळाली. तीत गॅसची शेगडी होती आणि तिच्या यंत्रात शिलिंग टाकल्यावाचून ती पेटत नसे. समोर बसले की छाती भाजे आणि पाठ गारठे. कुशी बदलीत दोन्ही बाजूंनी सारखे शेकून घेण्याची कला ज्याला हुरडा भाजता येतो त्यालाच साधते. स्नान आठवड्यातून एकदा, तेही पूर्वसूचनेने आणि निराळ्या आकाराने. बारा महिने पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याची इतकी काटकसर, आणि जेथे टँकरची वाट पाहावी लागते त्या आमच्या गावी मात्र रोज सकाळी तांब्याभर का होईना अंगावर घेतल्याशिवाय चहा नाही, ह्या विरोधाभासाचा उलगडा मला अद्याप झालेला नाही.

आता पुन्हा इंग्रजाचा शोध सुरू झाला, आणि ह्या वेळी तो सापडणारच अशी माझी बालंबाल खात्री होती, कारण प्रस्तुत मुलूख त्याचा स्वतःचा होता. परंतु माझ्या घरमालकीणबाई आयर्लंडातील मेयो परगण्याच्या निघाल्या, आणि त्यांना इंग्रज म्हटल्याबद्दल मला पहिल्याच संध्याकाळी एका कप चहास मुकावे लागले. कोपऱ्यावरचा वाणी पोलंडचा. युद्धानंतर मायदेशी परत न गेलेला. बसचा कंडक्टर बार्बाडोसचा. १९५६ पासून लंडनच्या बसखात्याने त्या बेटावरून माणसे भरती करून आणली होती, त्यांपैकी तो एक. मी हिंदी आहे असे समजताच त्याने १९५३ च्या दौऱ्यातील सुभाष गुप्ते ह्यांच्या लेगब्रेकविषयी माझे मत विचारले. आणि मला क्रिकेटमधले ओ की ठो कळत नाही असे ऐकून, मी हिंदी असल्याविषयीच त्याच्या मनात कायमचा संशय उत्पन्न झाला. शेजारच्या खोलीत लाहोरचे एक शिंपी राहत. त्यांना सगळे मास्टरजी म्हणत. निजामाच्या शाळेत छड्या खाऊन शिकलेले उर्दू आयुष्यात प्रथमच उपयोगी पडले ते येथे. माझी दखनी वळणाची उर्दू ऐकून मास्टरजींना हसू आवरत नसे, पण रविवारी डाळ शिजली की पहिली हाक मलाच येई.

ह्या मंडळींनी इंग्रज कसा असतो ते मला शिकविले. ‘तो गोड बोलू लागला की खिसा सांभाळावा,’ असे घरमालकीणबाई म्हणत. ‘त्याला पाव म्हणजे काय ते ठाऊकच नाही,’ असे पोलंडचा वाणी त्याच पावावर लोणी लावीत सांगे. कंडक्टरच्या मते इंग्रज देवळातसुद्धा देवाशी ओळख नसल्यासारखा बसतो. आणि मास्टरजींचा निष्कर्ष असा की, ‘अंग्रेज मिलता है, मगर मिलता नहीं।’ ही सगळी मते मी जमेस धरली, त्यांवर माझ्या अक्कलहुशारीची मखलाशी केली, आणि ‘इंग्रजांचा स्वभाव’ ह्या मथळ्याखाली मुरुडास सविस्तर पत्र धाडले. ते पत्र गावात जाहीर वाचले गेले. म्हणजे मुरुडकरांना इंग्रजांविषयी जे ज्ञान झाले, ते मेयो, वॉर्सा, बार्बाडोस आणि लाहोर ह्या चार मुलखांतील लोकांचे होते. त्यात इंग्लंडचा काहीही दोष नव्हता.

घरमालकीणबाईंचे माझ्याविषयीचे ज्ञानही असेच परभारे आलेले होते. मी पूर्वीच्या निजामी मुलखातला, हे कळताच त्यांचा चेहरा उजळला. टाइम साप्ताहिकाने १९३७ साली ज्याला जगातील सर्वांत धनाढ्य मनुष्य म्हणून मुखपृष्ठावर छापले, तोच ना हा राजा? आणि २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथचे लग्न झाले, तेव्हा कार्तिएच्या पेढीतून हिऱ्यांचा हार नि मुकुट घ्यावा, बिल मी देतो, असे सांगणारा तोच ना? आयरिश बाई राजघराण्याच्या नावाने बोटे मोडीत, पण तो हार कसा होता हे त्यांना खडान्‌खडा ठाऊक होते. मी मनात तारखेचा हिशेब केला. त्याच महिन्यात आम्ही बार्शीच्या माडीखाली एका सतरंजीवर सहाजण झोपत होतो. मी काही बोललो नाही, ह्याचा अर्थ बाईंनी श्रीमंतांची अबोल खानदानी असा लावला आणि पुढील आठवड्यापासून भाडे दहा शिलिंगांनी वाढविले.

मुरुडचा पत्रव्यवहार मात्र चालू होता. ‘येथे रोज पाऊस पडतो,’ असे मी पहिल्याच पत्रात कुरकुरत लिहिले होते. नानांचे उत्तर गावच्या मास्तरांनी त्यांच्या तोंडचे जसेच्या तसे उतरवून धाडले: ‘रोज पानी पडतंय म्हनतोस, मंग ज्वारी एकरी किती पोती होती ते कामून लिव्हलं न्हाईस? दोन एकर घिऊन टाक. पैशाचं मी बघतो.’ येथे ज्वारी पिकत नाही, रानोमाळ नुसते गवत असते आणि ते जनावरे खातात, असे मी कळविले. त्यावर नानांचे पत्र आले, ‘इतकं पानी आसून गवत पेरनारं लोक निम्म्या हिंदुस्थानावर राज करून गेलं, ह्येचा मला इचार पडलाय. सांभाळून ऱ्हा.’

डिसेंबरात येळवस आली. लातूर-उस्मानाबादकडे त्या अमावास्येला गावात चिटपाखरू राहत नाही. कडब्याची कोप करून, भज्जी, आंबील, उंडे आणि खीर घेऊन सगळे गाव रानात जेवायला बसते, आणि ज्याला रान नाही त्याला दुसऱ्याच्या रानात आग्रहाने ओढून नेतात. घरमालकीणबाईंना हे सगळे मी उत्साहाने वर्णन करून सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘डिसेंबरात, उघड्यावर, सगळे गाव? घरे नाहीत का तुम्हांला?’ मी समजावण्याचा यत्न केला, पण त्यांचे लक्ष दुसरीकडेच लागले होते. त्या म्हणाल्या, ‘आमच्याही गावचा जमीनदार फार श्रीमंत होता. असा मनुष्य ज्या मुलखात असतो, तेथे दुसऱ्या कोणाकडे काही उरत नसते. मला हे आधीच कळायला हवे होते.’ आणि वाढविलेले दहा शिलिंग त्यांनी त्याच दिवशी कमी केले. आधारभूत प्रत्येक गोष्ट चुकीची असूनही निष्कर्ष इतका अचूक निघालेला मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही; आणि हैदराबाद संस्थानाच्या इतिहासावरील मोठमोठे ग्रंथ वाचूनही मला त्यात फारशी भर घालता आलेली नाही.

शेवटी वसंत ऋतूत, एका उद्यानातील बाकावर, मला इंग्रज सापडला. टोपी, छत्री, वर्तमानपत्र, सर्व लक्षणे ग्रंथोक्त. बऱ्याच मौनानंतर त्यानेच हवेविषयी पहिला शब्द काढला. मी भीत भीत म्हणालो, ‘आपण लंडनचे?’ गृहस्थाने जणू शिवी ऐकली. ‘छे! मी स्टॅफर्डशरचा. ह्या लंडनच्या लोकांचे मला काही समजत नाही हो. तीस वर्षे झाली येथे येऊन, पण मन रमले नाही.’ म्हणजे हाही परगावचाच! मी हताश झालो. पण तेवढ्यात नानांचा प्रश्न आठवला, म्हणून त्याच्या गावची जमीन कशी आहे ते विचारले. त्याबरोबर त्या मनुष्याला कंठ फुटला. मॅनिफोल्ड नदीचे खोरे, गाई, दूध, आणि ते दूध वाहून नेणारी इवलीशी आगगाडी. रुळांची रुंदी अडीच फूट. लहानपणी तीत बसून तो वॉटरहाउसेसपासून हल्म एंडपर्यंत जात असे. अशी गाडी जगात दुसरीकडे कोठे नाही, असे तो म्हणाला. १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली, असे सांगताना त्याने छत्रीची मूठ घट्ट धरली.

मी विचारले, ‘इंजिनिअर कोण?’ तो म्हणाला, ‘कॅलथ्रॉप.’

मग बोलण्याची पाळी माझी होती. त्याच कॅलथ्रॉपने त्याच अडीच फुटांची गाडी १८९७ साली बार्शीस आणली, म्हणजे तुमच्या आधी सात वर्षे. तिचा अनुभव गाठीस बांधून तो तुमच्या खोऱ्यात आला. आणि आमची गाडी आजही मुरुडच्या स्थानकात शिटी देते, हे मी त्याला सांगितले. तो अवाक् झाला. हिंदुस्थानाला आगगाडी इंग्लंडने दिली असे त्याला शाळेत शिकविले होते. स्टॅफर्डशरच्या त्या खोऱ्याला ती बार्शीमार्गे मिळाली, हे त्याने, माझ्या मते फार खिलाडूपणाने, मान्य केले आणि मला चहा पाजला. हे वर्तमान मुरुडास कळविताच नानांचा अभिप्राय आला, ‘इंग्रजानं बार्शीची गाडी नेली, पर त्येला ती चालवता आली न्हाई. गवत पेरनाऱ्याकडनं दुसरं काय हुनार?’

ती चिमुकली गाडीही आता राहिलेली नाही. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद झाला, आणि मुरुडची मुले त्यावरून मुंबई गाठून विमानात बसू लागली. लातूरच्या शिकवणीवर्गांनी घडविलेली ही पिढी आमच्यापेक्षा शतपटीने जाणती आहे. जर्मनीला जाण्यापूर्वीच तिला तेथील रस्ते, दुकाने आणि बटाट्याचे भाव ठाऊक असतात. माझा चुलतनातू तिकडे गेल्याला आठवडा झाला नाही तोच त्याने दूरध्वनीवर सांगितले, ‘आजोबा, जर्मन लोक शिस्तीचे असतात, पण मनाने कोरडे.’ मी विचारले, हे तुला कोणी सांगितले? नांदेडच्या मुलाने, तो सहा महिने आधी गेलेला आहे. आणि त्याला? त्याच्या घरमालकाने, तो तुर्कस्तानचा आहे. मला बार्शीचे मारवाडी घरमालक आठवले आणि परंपरा अखंड असल्याचे समाधान वाटले.

माझा ह्या सर्व प्रकरणी असा निकाल आहे की, परदेशाविषयीचे गैरसमज अंतरामुळे होत नाहीत. तसे असते तर बार्शीविषयी ते झालेच नसते. ते होतात, कारण नव्याने आलेल्या मनुष्यास देश दाखवितो तो त्याच्याआधी आलेला दुसरा परका, आणि त्याला दाखविलेला असतो तो तिसऱ्याने. ज्यांचा तो देश, ती माणसे आपल्या कामात असतात आणि त्यांना ह्या खटल्यात साक्षीसही कोणी बोलावीत नाही. म्हणून परदेशी निघालेल्या मुलामुलींस ह्या म्हाताऱ्याचे एवढेच सांगणे आहे की, घरी नियमाने पत्र लिहा, फोन करा, पाऊस कळवा, दुधाचा भाव कळवा, जमीन काळी आहे की मुरमाड तेही कळवा. मत मात्र पहिले वर्षभर कळवू नका. आणि राहवेचना, तर आपल्या घरमालकिणीविषयी कळवा. त्यामुळे त्या देशाचा अपमान होण्याचा संभव नाही; ती बहुधा तिथली नसतेच.